गाडीची सीट घरात बसवताना

गाडीतून काढलेली पुढची सीट घरी आणून फरशीवर ठेवा. ती नीट उभी राहणार नाही. एका कोपऱ्यावर डुलेल, पाठ जरा मागे गेली की कलंडेल आणि फरशीवर चार ओरखडे उठतील ते वेगळंच. पहिल्यांदा मला वाटलं, गॅरेजवाल्याने वाकडी सीट गळ्यात मारली. सीट सरळच होती. गाडीत तिला स्वतःच्या पायावर उभं राहायचं कामच नसतं. चार बोल्टनी तिला गाडीच्या तळाशी जखडलेलं असतं, आणि तो तळही सपाट नसतो, पुढे उंच आणि मागे खोलगट असतो.

म्हणून गाडीच्या सीटची घरासाठी खुर्ची करायच्या या कामाकडे बघायची माझी पद्धत अशी: फोम, स्प्रिंगा, कमरेचा आधार, मागेपुढे होणारी पाठ हे सगळं गाडीच्या कंपनीने करून ठेवलेलं आहे. आपल्याला बनवायचा आहे तो फक्त गाडीचा तळ. नवशिके कव्हरच्या रंगावर आठवडा घालवतात आणि स्टँड अर्ध्या तासात ठोकतात. नेमकं उलटं करायला हवं.

मी ठाण्यात राहतो. आजवर पुढच्या सीटच्या पाच खुर्च्या केल्या आणि मागच्या सीटचा एक सोफा. पाचांपैकी दोन खुर्च्यांचे स्टँड कापून पुन्हा करावे लागले. खाली जे लिहितोय त्यातलं बरंचसं त्या दोन खुर्च्यांनी शिकवलेलं आहे.

आधी ठरवा, बसणार कोण आणि कशाला

गाडीची पुढची सीट पाय पुढे पसरून, पाठ टेकून, समोर बघत बसण्यासाठी केलेली असते. टीव्ही बघायला, वाचायला, कानात हेडफोन घालून गाणी ऐकायला तिच्यासारखं आसन नाही. जेवायला मात्र ती बेकार. ताटावर वाकायचं तर ती तुम्हाला मागे ओढते. आणि एक गोष्ट कोणी सांगत नाही: तिच्यावर मांडी घालून बसता येत नाही. वळणावर माणूस घसरू नये म्हणून दोन्ही बाजूंना फुगवटे दिलेले असतात, त्यात गुडघे मावत नाहीत. माझी आई त्या खुर्चीवर आजवर दोनदा बसली असेल. तिला मागच्या सीटचा सोफा आवडतो, कारण तो सपाट आहे.

तेव्हा घरात मांडीवाले जास्त असतील तर मागची सीट बघा, पाय पसरणारे असतील तर पुढची. काम सोपं हवं असेल तर व्हॅन किंवा जीपच्या मधल्या-मागच्या सीट शोधा. त्यातल्या काहींना स्वतःचा लोखंडी स्टँड असतो. जुन्या सुमोच्या डिकीत समोरासमोर असायची ती बाकडी तर बूट घालायला दाराशी ठेवायला उत्तम. पद्मिनीची सीट हवी असं अनेकजण म्हणतात. मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ मध्ये नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत भरून २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ती बाद झाली. आता तिची धड सीट मिळाली तर तिच्यात बसण्यापेक्षा आठवणीचेच पैसे जास्त पडतात. पहिल्या प्रयोगासाठी साधी हॅचबॅक घ्या. हात बसला की मग पद्मिनी.

कुठे घ्यायची आणि काय बघायचं

ठाण्याहून जवळचे दोन रस्ते. एक म्हणजे कुर्ला, सीएसटी रोडवरचा गाड्यांच्या सुट्या भागांचा बाजार. दुसरा शिळफाट्याच्या बाजूची भंगाराची गोदामं. कुर्ल्यात सीट पुसून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवलेली असते आणि भाव तसाच सांगतात. शिळफाट्याला ती ढिगाखालून ओढून काढावी लागते. शिवाय तुमच्या भागातल्या गॅरेजवाल्याला सांगून ठेवा. माल वाहायला सीट काढून टाकणारे असतात, हौसेने नव्या सीट बसवणारेही असतात. गॅरेजात सीट पडून असली की ती जागा अडवते, म्हणून तो स्वस्तात देतो. मी पहिली सीट पंधराशेला अशीच घेतली. भंगारवाला भाव किलोवर सांगतो की नगावर, ते आधी विचारा. किलोवर असेल तर हलकी सीट स्वस्त पडते. हॅचबॅकची पुढची सीट साधारण १२ ते १८ किलो भरते.

पावती मागा, कच्ची का होईना. चोरीच्या गाडीचे भाग विकले जातात हे काही गुपित नाही, आणि असा माल जाणूनबुजून घेणारा कायद्यात गुन्हेगार ठरतो. पावती द्यायला जो का कू करतो त्याच्याकडून मी घेत नाही.

सीट दाखवली की आधी नाक लावा. खरंच. गादीवर जोरात हात दाबून सोडा आणि जी हवा बाहेर येईल तिचा वास घ्या. कुबट, नाल्यासारखा वास आला तर गाडी पुरात बुडालेली आहे. आपल्याकडे दर पावसाळ्यात अशा गाड्या भंगारात येतात. पुराच्या सीटचा फोम कितीही वाळवा, जूनमध्ये पहिला पाऊस पडला की घरात खाडीचा वास सुटतो. खात्री करायची तर सीट उलटी करून रेलच्या, म्हणजे सीट ज्या पट्ट्यांवर पुढे-मागे सरकते त्यांच्या, खोबणीत बोट घाला. बोटाला बारीक राखाडी गाळ लागला की सीट परत ठेवा.

मग ढेकूण. शिवणीच्या कडेने, हेडरेस्टच्या भोकांभोवती आणि पाठीच्या खालच्या फटीत मोबाइलचा टॉर्च मारा. मोहरीहून बारीक काळे ठिपके रांगेत दिसले तर ती सीट फुकटातही नको. पन्नास अंशांच्या वर बराच वेळ तापवलं की ढेकूण आणि अंडी मरतात, हे खरं. पण गच्चीवरच्या उन्हात वरचं कापड तापतं, चार इंच जाड फोमच्या पोटापर्यंत ती धग पोहोचेलच असं नाही.

शेवटी यंत्र. रिक्लाइनरचा खटका ओढून पाठ पूर्ण मागे-पुढे करा आणि प्रत्येक टप्प्यावर ती अडकते का बघा. इथे एक सावधगिरी: पाठीत स्प्रिंग असते. कोणी टेकलेलं नसताना खटका ओढला की पाठ फाडकन पुढे येते. मी वाकून खटका बघत होतो आणि पाठ थेट हनुवटीवर आली. दोन दिवस पोळी दुधात भिजवून खाल्ली. एक हात पाठीवर दाबून ठेवा आणि मगच खटका ओढा. सीटच्या बाजूचं प्लास्टिकचं झाकण उघडलंत तर जिलबीसारखी गुंडाळलेली पट्टी दिसेल. तीच ती स्प्रिंग, ताणलेली असते. तिला हात लावू नका.

एअरबॅग

यावर थोडा थांबतो, कारण यात चूक झाली तर दवाखाना आहे.

बऱ्याच गाड्यांच्या वरच्या मॉडेलमध्ये पुढच्या सीटच्या पाठीतच, दाराच्या बाजूला, साइड एअरबॅग असते. ती बारुदासारख्या पदार्थाने फुटते आणि गाडी भंगारात गेली तरी ती जिवंत असते. ओळखायची कशी? पाठीच्या बाजूच्या शिवणीत ‘एअरबॅग’ किंवा ‘एसआरएस’ असं छापलेली छोटी कापडी पट्टी असते. सीटखालून पिवळ्या रंगाची वायर किंवा पिवळा कनेक्टर लोंबत असतो. काही गाड्यांत बेल्टच्या बकलच्या बुडाशी जाडसर नळकांडं असतं, त्यालाही पिवळी वायर. धडक बसली की बेल्ट आवळणारा तो भाग, तोही याच पद्धतीचा.

पिवळं काही दिसलं तर नवख्या माणसाने ती सीट घेऊ नये. भंगारवाला म्हणेल, ‘साहेब, वायर कापून देतो.’ वायर कापल्याने एअरबॅग निकामी होत नाही. आणि अशी सीट आधीच घरात आली असेल तर त्या वायरीला बॅटरी लावून बघू नका, मल्टिमीटरही लावू नका, जवळपास ग्राइंडर चालवू नका, पाठीचं कव्हर उसवू नका. गाडीचं इलेक्ट्रिकल काम जाणणाऱ्या माणसाकडून ते काढून घ्या. साध्या, खालच्या मॉडेलच्या सीटमध्ये ही भानगड बहुधा नसते, आणि खुर्चीसाठी त्या सीट काही कमी आरामाच्या नसतात.

घरी आणणं

एक सीट रिक्षात मागे मावते, रिक्षावाला तयार असेल तर. दोन असतील तर छोटा हत्ती करा. आणताना हेडरेस्ट काढून पिशवीत घाला, नाहीतर रिक्षाच्या टपाला ती टोचते.

बोल्ट सुटल्यावर सीटच्या पुढच्या दांड्याला, म्हणजे सीट पुढे-मागे सरकवायच्या खटक्याला, हात लावू नका. गाडीत दोन्ही रेल एकमेकींना धरून चालतात. सुट्या झाल्या की एक दोन खाचा पुढे जाते, दुसरी मागे राहते, आणि मग सीट तिरकी होऊन चारपैकी एक बोल्ट काही केल्या भोकात बसत नाही. मी उचलायला म्हणून तोच दांडा धरला होता. रेल पुन्हा जुळवण्यात रविवार गेला. आता मी भंगारवाल्याच्या दारातच रेल सुतळीने आवळून बांधतो.

सोसायटीत मात्र लिफ्टपाशी प्रश्न येतातच. ‘गाडी विकली का?’ हा पहिला.

साफसफाई

हे काम ऑक्टोबर ते मे या काळात करा. पावसाळ्यात ठाण्याच्या हवेत भिजलेला फोम वाळत नाही, आतून बुरशी धरतो.

आधी व्हॅक्यूम, मग कोमट पाण्यात थोडा रिठा किंवा कपड्यांचा सौम्य साबण, आणि फेस तेवढाच घेऊन मऊ ब्रश. बादली ओतायची नाही. कव्हर उतरवायचं असेल तर खालून बघा: ते लोखंडी रिंगांनी फोमच्या तारेला अडकवलेलं असतं. पकडीने एकेक रिंग उघडा आणि उघडण्याआधी फोटो काढा. परत बसवताना रिंगा नसतील तर बारीक केबल टाय चालतात, फक्त कापलेलं टोक आत वळवा, नाहीतर मांडीला टोचेल. फोमचा तुकडा पडला असेल तर गादीवाल्याकडून जास्त घनतेचा तुकडा आणून रबर सोल्यूशनने चिकटवा. मऊ स्पंज लावलात तर तिथे महिन्यात खड्डा पडतो.

रेलमधलं जुनं काळं ग्रीस रॉकेलने आणि जुन्या टूथब्रशने काढून टाका आणि पांढरं ग्रीस लावा. काळं ग्रीस घरात नको. झब्ब्याला एकदा लागलं की झब्बा गेला.

माप

इथे घाई करू नका. लागतं काय? मीटर टेप, पाणसळ, पुठ्ठा, खडू.

पहिलं माप बसणाऱ्याचं. अनवाणी उभं राहून फरशीपासून गुडघ्यामागच्या खोबणीपर्यंत मोजा. घरातल्या दोन-तीन जणांचं घ्या आणि जो जास्त बसणार त्याचं धरा. माझ्याकडे ते ४२ सेंटीमीटर निघालं. दुसरं माप सीटचं: रेलच्या बुडापासून गादीच्या पुढच्या कडेपर्यंत. माझ्या सीटचं २७. बसल्यावर फोम दबतो, तो किती ते प्रत्यक्ष कोणाला तरी बसवून बघा. माझ्याकडे ४ सेंटीमीटर दबला. म्हणजे बसलेली उंची २३. बेचाळिसातून तेवीस गेले, उरले एकोणीस. स्टँडची पुढची उंची १९ सेंटीमीटर, झालं. वयस्कर माणसासाठी करत असाल तर त्यात दोन-तीन सेंटीमीटर वाढवा. खोल खुर्चीतून उठताना गुडघ्यांची कसोटी लागते.

तिसरं माप उताराचं, आणि बहुतेकांचं इथे चुकतं. सीटच्या पुढच्या आणि मागच्या पायांची उंची सारखी नसते, कारण गाडीचा तळ सपाट नसतो. सपाट स्टँडवर जशीच्या तशी बसवलीत तर गादी पुढे उतरती होऊ शकते आणि माणूस टीव्ही बघता बघता घसरत खाली येतो. म्हणून सीटच्या चारही कोपऱ्यांखाली विटा आणि ठोकळे रचा, कोणाला तरी बसवा, आणि ठोकळे कमीजास्त करत बसणारा ‘हां, आता बरंय’ म्हणेपर्यंत थांबा. आराम खुर्चीला गादीची पुढची कड मागच्या कडेपेक्षा तीन ते पाच सेंटीमीटर उंच असली की बरी वाटते. टेबलावर काम करायचं असेल तर त्याहून कमी. मग चारही ठोकळ्यांची उंची मोजून लिहून ठेवा. ती चार मापं म्हणजेच तुमच्या गाडीचा तळ.

चौथं, बोल्टच्या भोकांचा साचा. सीट उलटी करा, चार पायांच्या बुडाला खडू चोळा आणि वर पुठ्ठा दाबा. ठसे उमटतील. ते पुठ्ठ्यावर कापा, पुन्हा सीटवर ठेवून ताडून बघा, आणि मग तसाच साचा प्लायच्या तुकड्यावर काढून भोकं पाडा. हा प्लायचा तुकडा वेल्डरकडे न्यायचा, सीट न्यायची नाही. का ते पुढे येतंच.

स्टँड

वागळे इस्टेटमध्ये किंवा रबाळे एमआयडीसीत फॅब्रिकेशनचे छोटे गाळे पुष्कळ आहेत. सुटीचा वार कोणता ते आधी विचारून जा. मोठं काम चालू असेल तर तुमच्या खुर्चीकडे तो बघणार नाही. ‘चहाच्या वेळेत करून देतो’ म्हणणारा माणूस सापडेपर्यंत फिरा.

पाइप दीड इंची चौकोनी, १६ गेजचा, पुरतो. आकार साधा ठेवा: फरशीवर टेकणारे दोन लांब पाइप, घसरगाडीच्या पट्ट्यांसारखे, त्यांच्यावर दोन-दोन उभे पाय, वर रेलच्या खाली येणारे दोन पाइप, आणि डावी-उजवी बाजू जोडणारे आडवे पाइप. आडवा पाइप खाली पुढच्या बाजूला घालू नका. उठताना आपण टाचा खुर्चीखाली घेतो, तिथे पाइप असला की नडगीवर बसतो. आडवे पाइप मागे खाली एक आणि मध्ये वर एक.

रेलचे बोल्ट थेट पोकळ पाइपातून आरपार घालायचे नाहीत. आवळला की पाइप दबतो, दबला की बोल्ट सैल होतो, सैल झाला की आणखी आवळतो. त्यापेक्षा पाच मिलिमीटर जाड पट्टीचे चार तुकडे पाइपाला वेल्ड करून घ्या आणि भोकं त्या पट्टीत पाडा. बोल्ट ८ मिलिमीटरचा असेल तर भोक १० चं आणि वर मोठा वायसर, म्हणजे दोन मिलिमीटर इकडेतिकडे झालं तरी सीट बसते. नट आत नायलॉनची रिंग असलेला घ्या, तो हलण्याने सुटत नाही. गाडीचेच बोल्ट मिळाले असतील तर तेच वापरा, पण बेल्टच्या बकलचा बोल्ट त्यात मिसळू नका. त्याचे आटे वेगळे असतात, जबरदस्तीने फिरवलात तर दोन्हीकडचे आटे जातील.

आता तोल. माझ्या पहिल्या खुर्चीचा स्टँड मी सीटच्या गादीएवढाच लांब केला होता. दिसायला छान, नेटका. गणपतीत सासरे आले, बसले, चहा घेतला. मग त्यांना खटका सापडला. पाठ मागे गेली, तिच्याबरोबर सासरे, आणि त्यांच्या पाठोपाठ पूर्ण खुर्ची. मागे दिवाण होता म्हणून डोकं गादीवर आपटलं. कप हातात तसाच होता, चहा मात्र गौरीच्या मखरापर्यंत गेला.

गाडीत पाठ कितीही मागे जाऊ दे, बोल्ट तिला धरून असतात. घरात धरणारं कोणी नाही. पाठ आडवी झाली की माणसाचं अर्ध्याहून जास्त वजन बिजागरीच्या मागे जातं. म्हणून फरशीवरचे ते दोन लांब पाइप पाठीच्या बिजागरीच्या मागे किमान २५ सेंटीमीटर जायला हवेत. विचित्र दिसतं, मान्य. सीट रेलवर मागे सरकणार असेल तर हे माप ती पूर्ण मागे सरकवून घ्यायचं. मी आता रेल एका जागी पक्की करून टाकतो. हॉलमध्ये सीट पुढे-मागे सरकवायची गरज कोणाला पडते? पुढच्या बाजूला उलट, पाइप गादीच्या कडेच्या पाच-सहा सेंटीमीटर आतच थांबू द्या.

वेल्डरला आधी फक्त टॅक मारायला सांगा, सगळ्या जोडांवर ठिपके तेवढे. काटकोन गुण्याने तपासा. मग स्टँड घरी आणा, सीट बसवा आणि ही चाचणी करा: पुढच्या दोन टोकांखाली वर्तमानपत्राचा एकेक कागद ठेवा. घरातल्या सगळ्यात जड माणसाला बसवा आणि पाठ हळूहळू पूर्ण मागे न्यायला सांगा. मागे एकजण धरायला उभा राहू दे. दुसऱ्याने कागद ओढून बघायचा. कागद सहज सुटून आला तर स्टँड मागे तोकडा आहे. कागद फाटला पण सुटला नाही, तर तोल बरोबर. मग स्टँड परत नेऊन पक्कं वेल्डिंग.

आणि सीट गाळ्यात का न्यायची नाही, तर एवढ्यासाठी: वेल्डिंगची एक ठिणगी फोममध्ये शिरली की ती आत धुमसत राहते, बाहेर कळतही नाही. त्या फोमच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड आणि सायनाइडचा वायू असतो. ‘ओलं फडकं टाकतो वर’ असं कोणी म्हणालं तर हसून सोडून द्या आणि प्लायचा साचा पुढे करा.

रंगाचं थोडक्यात: पॉलिश पेपर, रेड ऑक्साइडचा एक हात, वर इनॅमलचे दोन. पाइपांची उघडी तोंडं प्लास्टिकच्या टोप्यांनी बंद करा, नाहीतर झुरळं बिऱ्हाड करतात. खाली रबराची पट्टी. नाहीतर खालच्या मजल्यावरचे काका वर येतील. घासाघीस गच्चीवर करायची असेल तर दुपारी दोन ते चार सोडून.

वेल्डिंग नकोच असेल तर १८ मिलिमीटर प्लायची पेटी करता येते. वरचा थर दुहेरी घ्या, बोल्ट आरपार, खालून मोठे वायसर. तोलाचा नियम तोच, पेटी मागे तेवढीच लांब. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांना हे सोयीचं, पेटीत चादरी मावतात.

चाकांच्या ऑफिस खुर्चीच्या बुडावर सीट बसवायची हौस बऱ्याच तरुणांना असते. माझं मत विचाराल तर पहिल्यांदा नको. त्या बुडाची बनावट हलक्या खुर्चीसाठी असते, इथे पंधरा किलोची सीट आणि वर माणूस. करायचीच असेल तर बूड लोखंडी किंवा अॅल्युमिनियमचं, रुंद, आणि पाठ एका कोनात कायमची पक्की.

मोटारवर चालणारी सीट मिळाली तर तिला १२ व्होल्टचा, चांगल्या अँपिअरचा पुरवठा लागतो. वायफायच्या डबीच्या अडॅप्टरने ती जेमतेम कण्हेल. घरची वायर थेट जोडण्याचा विचार मनातही आणू नका.

मागच्या सीटचा सोफा

ही वेगळीच जात. पुढच्या सीटला स्वतःचा सांगाडा असतो. मागच्या सीटची गादी म्हणजे बहुतेक वेळा तारेच्या चौकटीवरचा फोम. तिला आकार देतो तो खालचा गाडीचा पत्रा. सपाट पाटावर ठेवलीत तर ती मध्ये उचललेली राहते आणि कडेला दबते. म्हणून पेटीचा वरचा प्लाय गादीच्या पोटाच्या आकाराप्रमाणे, जिथे पोकळी आहे तिथे पट्ट्या ठोकून उचलून घ्या.

लहान हॅचबॅकची मागची सीट चार फुटांच्या आसपास रुंद असते, म्हणजे वन बीएचकेच्या हॉलमध्ये खिडकीखाली बसते. पण घेण्याआधी लिफ्टचं दार मोजा. पाठ वेगळी असते, तिला मागून आधार द्यावा लागतो: पेटीलाच मागे तिरके दोन खांब आणि त्यावर आडवी फळी. गादी आणि पाठ यांतला कोन १०० ते ११० अंश ठेवा. गाडीत होता तेवढाच तिरका ठेवलात तर पाहुणे झोपल्यासारखे बसतात आणि चहाचा कप घ्यायला प्रत्येकाला उठावं लागतं. पाठ घडी होणारी असेल तर तिचा खटका फळीला लोखंडी पट्टीने पक्का करून टाका, नाहीतर कोणीतरी मूल तो शोधून काढणारच.

कव्हर आणि नंतरची देखभाल

रेक्झिन टिकतं, पण एप्रिल-मेमध्ये पाठ चिकटते. मी जाड सुती कापड किंवा कॉर्डरॉय घेतो आणि सीट कव्हर शिवणाऱ्याकडूनच शिवून घेतो. सोफेवाल्याला फुगवट्यांचं माप जमत नाही, त्याचं कव्हर दुसऱ्या दिवशी गोळा होतं. मूळ कव्हर धड असेल तर तेच राहू द्या. समई, निरांजन, पणत्या यांच्यापासून खुर्ची लांब. गाडीच्या कापडाची चाचणी आग हळू पसरावी एवढ्यासाठीच असते.

खर्चाचं म्हणाल तर माझ्या प्रत्येक खुर्चीत स्टँड आणि रंग मिळून सीटच्या किमतीच्या वर गेले आहेत. सीट स्वस्त मिळाली म्हणून खुर्ची स्वस्त होत नाही, हे घरात आधीच सांगून ठेवा.

बसायला लागल्यावर दुसऱ्या आठवड्यात चारही बोल्ट पुन्हा आवळा. रंग, वायसर सगळं बसतं आणि बोल्ट अर्धा वळसा तरी घेतोच. मग दर पावसाळ्याआधी एकदा. करकर ऐकू आली तर ती बहुधा रेलची नसते, बोल्टचीच असते.

उरलेले बकल, प्लास्टिकची झाकणं, जास्तीच्या रेल गॅरेजवाल्याला दाखवा, त्यातलं काही तो घेतो. बकल मी मात्र एका खुर्चीला ठेवलंय. मुलगी टीव्ही बघताना त्यात रिमोटची दोरी अडकवते, तेव्हापासून रिमोट हरवलेला नाही.